न्युरेंबर्गला प्रदर्शनानंतर तीन दिवस : राहणं, खाणं, रीतभात

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीतर्फे न्युरेंबर्गच्या ऑटोमेशन प्रदर्शनाला जायचं आहे. प्रदर्शन गुरुवारी संपतं. पुढे शुक्रवार ते रविवार स्वतःच्या खर्चाने राहायचं ठरवलं आहे, पत्नीही सोबत असेल. ती शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. मी मासे-चिकन खातो. डुक्कर आणि गोमांस नाही. नाताळचा बाजार त्याच शुक्रवारी सुरू होतोय.

राहायचं कुठे, तिकीट कुठलं काढायचं, वेटरने ताट पुढे ठेवण्याआधी काय विचारून घ्यायचं, लोकांत वावरताना काय पाळायचं, आणि रविवारी सगळं बंद असतं म्हणतात तर तो दिवस कसा लावायचा, एवढं कुणी नीट सांगेल का? शोधलं तर बहुतेक सगळी माहिती म्युनिकची मिळते.

एर्लांगेनकर

आधी राहण्याचं उरकून टाका. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर खूप चढतात आणि तुमच्या बाबतीत त्याला लागूनच नाताळचा बाजार आहे. जुन्या गावात परवडलं नाही तर फ्युर्थ बघा. शेजारचं वेगळं शहर आहे, पण ऊ-१ ही भुयारी रेल्वे फ्युर्थहून निघून न्युरेंबर्गचं जुनं गाव, मुख्य स्टेशन आणि पुढे थेट 'मेस्से' म्हणजे प्रदर्शनाच्या दारापर्यंत जाते. कुठेही गाडी बदलावी लागत नाही. भाड्याच्या हिशेबात फ्युर्थ, न्युरेंबर्ग आणि न्युरेंबर्गचा विमानतळ हे सगळं एकाच पट्ट्यात येतं. एर्लांगेनला हॉटेल स्वस्त दिसलं तरी तो पट्टा वेगळा आहे, रोजचं भाडं जास्त पडेल. ते जमेस धरून तुलना करा.

भारतातून तुम्ही बहुधा फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला उतराल. फ्रँकफर्ट विमानतळावरून न्युरेंबर्गला आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीने साधारण अडीच तास. म्युनिकला आधी विमानतळावरून एस-बान या लोकलने मुख्य स्टेशन, त्याला ४० मिनिटं, आणि तिथून आयसीईने तासाभरापेक्षा थोडं जास्त. इथे बरेच जण फसतात ते स्वस्त तिकिटामुळे. 'श्पारप्राइस' तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं, सामान अडकलं, गाडी गेली, की ते तिकीट गेलं. नवीन पूर्ण दराचं काढावं लागतं. उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान तीन तास ठेवा, नाहीतर सरळ 'फ्लेक्सप्राइस' घ्या, ते त्या दिवसाच्या कुठल्याही गाडीला चालतं. परतीला मात्र श्पारप्राइस हरकत नाही.

गावात फिरायला 'टागेसटिकेट', म्हणजे दिवसाचं तिकीट. 'सोलो' एकाला, 'प्लुस' दोन प्रौढ आणि सोबत चार मुलांपर्यंत. महत्त्वाचं म्हणजे शनिवारी काढलेलं दिवसाचं तिकीट रविवारीही चालतं. तुमच्यासारख्या दोघांना शनिवार-रविवारचा प्रवास एकाच प्लुस तिकिटात होतो.

स्टेशनवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात चढतात आणि वैध तिकीट नसेल तर ६० युरो घेतात. 'पर्यटक आहे, माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. ज्या कागदी तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल ते गाडीत चढण्याआधी छोट्या यंत्रात सरकवून छापून घ्यायचं. खिशात तिकीट आहे पण छाप नाही, तरी दंड तोच. गाडीचे दरवाजे बटण दाबल्यावरच उघडतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी.

तुमचा व्यवसाय ऑटोमेशनचा म्हणून सांगतो, ऊ-२ किंवा ऊ-३ मध्ये एकदा सगळ्यात पुढच्या काचेशी बसा. ऊ-३ ही २००८ साली सुरू झालेली जर्मनीतली पहिली विनाचालक भुयारी रेल्वे. सुरुवातीला ऊ-२ आणि ऊ-३ च्या सामाईक भुयारात चालकवाल्या आणि विनाचालक गाड्या एकाच रुळावर एकामागोमाग धावत होत्या, आणि तो जोड जमवणं हाच या प्रकल्पातला सगळ्यात अवघड भाग होता.

शेपूची जुडी

वहिनींच्या खाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण या भागात मांस दिसत नाही अशा ठिकाणीही असतं.

'क्लोस मिट सोस' म्हणजे बटाट्याचा मोठा गोळा आणि वर रस्सा. मेनूवर वाचून शाकाहारी वाटतं. तो रस्सा भाजलेल्या डुकराच्या मांसातून निथळलेला असतो. बटाट्याचं सॅलड उत्तर जर्मनीपेक्षा इथे वेगळं, मेयोनेज नसतं पण बटाटे गरम असताना त्यांवर मांसाचं उकळलेलं पाणी ओततात. सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी आणि लाल कोबी शिजवताना डुकराची किंवा बदकाची चरबी पडते. परतलेल्या बटाट्यांत आणि कोबीच्या सॅलडमध्ये 'श्पेक', म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे. फ्लामकुखेन या पातळ पिझ्झासारख्या पदार्थावर तोच श्पेक मुळातच असतो, 'ओने श्पेक' सांगून काढायला लावता येतो. बटाट्याच्या सूपमध्ये सॉसेजचे काप सापडतात.

अंड्याचं त्याहून अवघड. 'फेगेटारिश' म्हणजे शाकाहारी म्हटलं की तिथे अंडं आलंच: केझे-श्पेत्सले हा चीजचा पदार्थ पिठात अंडं घालूनच होतो, पावाचे गोळे अंड्याने बांधतात, किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांतही ते असतं. त्यामुळे विचारताना 'फेगान' हा शब्द वापरा. दूध-दही सुटेल, पण अंडं आणि चरबी दोन्ही नक्की टळतील. मेनूवर पदार्थाशेजारी बारीक अक्षरं किंवा आकडे छापलेले असतात. ती ॲलर्जीच्या घटकांची यादी आहे आणि देणं कायद्याने बंधनकारक आहे. तळाला खुलासा असतो, त्यात 'आयर' म्हणजे अंडं कुठल्या अक्षराला आहे ते एकदा बघून ठेवा. मांस हा ॲलर्जीचा घटक नाही, त्यामुळे चरबीबद्दल तोंडीच विचारावं लागतं: 'इस्ट दा श्पेक ओडर फ्लाइशब्र्युए द्रिन?' चरबी किंवा मांसाचं पाणी आहे का, एवढाच प्रश्न.

बाजारात बिनधास्त खाण्यासारखं: साखरेत घोळवलेले भाजके बदाम, भाजलेले चेस्टनट, तळलेले बटाटे. ब्रेट्सेल हा गाठीच्या आकाराचा पाव बहुतेक ठिकाणी चालतो, पण काही बेकऱ्या डुकराची चरबी, 'श्माल्त्स', वापरतात, विचारून घ्या. गावात तुर्की फलाफल आणि इटालियन पिझ्झाची दुकानं मुबलक आहेत. हार्ड चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पार्मेजानमध्ये तर नेहमीच. ते वर्ज्य असेल तर पाकिटावर 'लाब' शब्दाची चौकशी करा.

तुमच्यासाठी: तिथलं प्रसिद्ध छोटं सॉसेज डुकराचंच असतं, ७ ते ९ सेंटिमीटर लांब, मेंढीच्या आतड्यात भरलेलं, मार्जोरम घातलेलं. पावात तीन घालून देतात, लोक हौसेने आग्रह करतील, नम्रपणे नको म्हणा. तुमचा हंगाम मात्र कार्प माशाचा आहे. नावात 'र' असलेल्या महिन्यांत, सप्टेंबर ते एप्रिल, आसपासच्या तळ्यांतला कार्प मिळतो. उभा चिरलेला अर्धा मासा पीठ लावून कडक तळतात, शेपटी आणि पर कुरकुरीत होतात, तेही खातात. दुहेरी फाट्याचे बारीक काटे असतात. रोहू-कटला खाणाऱ्याला सवय असते, तरी घाईत खाऊ नका.

पाणी फुकट येत नाही. नुसतं 'वासर' मागितलं की बहुधा बुडबुड्यांचं येतं. साधं हवं तर 'श्टिल'. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून हिंडा.

गोदाकाठ

दोघांचेही खूप आभार, क्लोसच्या रश्श्याचं तर कधीच लक्षात आलं नसतं. आणखी दोन शंका. प्रदर्शनात ग्राहकांना द्यायला पेढ्यांचे लहान डबे नेणार आहोत. डब्यावर कंपनीचं नाव आणि कोपऱ्यात लाल स्वस्तिक छापलेलं आहे. चालेल ना? आणि रोख पैसे किती ठेवू?

पेग्निट्झकाठी

डबे छापायला गेले असतील तर आजच थांबवा. दोन्ही कारणांनी.

पहिलं, पेढे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. खवा, पनीर, तूप त्यातच येतं. तपासणीत सापडलं तर जप्त होतं. शेंगदाण्याची किंवा तिळाची गुळातली चिक्की न्या, तुपाचा हात न लावलेली. घटकांची यादी इंग्रजीत छापलेली, कारखान्याचं सीलबंद पाकीट असलेली. सुके खजूरही चालतात. ताजी फळं, कढीपत्ता, विड्याची पानं नेऊ नका.

दुसरं, स्वस्तिक. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ बंदी असलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे दाखवायला मनाई करतं. शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्याचा रोख नाझी चिन्हावर आहे, देवघरातल्या स्वस्तिकावर नाही, आणि तिथले हिंदू घरात-मंदिरात ते काढतातच. पण प्रदर्शनात टेबलावर ठेवलेल्या डब्यावरचं लाल चिन्ह बघणाऱ्याला शुभ-लाभ कळायचा नाही. त्यात गाव न्युरेंबर्ग. १९३३ ते १९३८ या काळात नाझी पक्षाचे मेळावे तिथे भरत, १९३५ साली वंशभेदाचे कायदे तिथेच जाहीर झाले, आणि युद्धानंतर नाझी नेत्यांवरचा खटला २० नोव्हेंबर १९४५ पासून तिथेच चालला. जिथे तिथल्या माणसांना त्या चिन्हाने जखम होते, तिथे आपण होऊन ते झाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. डब्यावर कमळ किंवा कलश छापा. लॉकेट, मोबाइलचं कव्हर, साडीची काठपट्टी, बॅगेवरचा टिळा-स्वस्तिकाचा स्टिकर हेही एकदा बघून घ्या.

ते मेळावे जिथे भरत त्या त्सेपेलिनच्या मैदानावर दगडी व्यासपीठ अजून उभं आहे, तिथे जायला हरकत नाही. पण फोटोसाठी हात उंच सरळ करून उभं राहू नका, गमतीतही. तो गुन्हा आहे आणि पोलीस बोलावले जातात.

आता वावरण्याबद्दल. न्युरेंबर्ग बव्हेरियात आहे खरं, पण लोक स्वतःला फ्रांकनचे, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागाचे म्हणवतात. १८०६ पर्यंत हे स्वतंत्र राजनगर होतं, त्यानंतर बव्हेरियात आलं. 'तुमचं बव्हेरियन जेवण छान' असं कौतुक केलंत तर चेहरा पडतो, 'फ्रेंकिश' म्हणा. चामड्याच्या चड्ड्या आणि लिटरभराचे मोठे पेले ही म्युनिकची ओळख. इथे बिअर अर्ध्या लिटरची, तिला 'झाइडला' म्हणतात. दुकानात शिरताना 'ग्र्युस गोट', निघताना 'आडे' मोठ्याने म्हणायचं, काही घेतलं नाही तरी. ग्राहकांना भेटताना आडनावाने हाक मारा, वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा, हात घट्ट मिळवा.

खानावळीत टेबल वाटून बसतात. रिकाम्या खुर्चीवर बसण्याआधी 'इस्ट हिअर नोख फ्राय?' विचारा. 'श्टामटिश' अशी पाटी असलेलं टेबल नेहमीच्या मंडळींचं. ते रिकामं असलं तरी बसू नये. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. बक्षिशी पाच ते दहा टक्के, पण टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही: बिल २७.४० झालं आणि तुम्ही 'ड्रायसिश' म्हणालात की वेटर तीस घेऊन उरलेलं ठेवतो. वेगवेगळं बिल हवं असेल तर 'गेट्रेन्ट' सांगा. टोपलीत ठेवलेली ब्रेट्सेल फुकट नसतात, खाल्लेली मोजून बिलात धरतात.

रस्ता ओलांडताना हिरव्या माणसाची वाट बघा, रस्ता मोकळा असला तरी. दंड पाच युरोचा आहे, पण जवळ लहान मूल असेल तर लोकच तोंडावर सुनावतात. पदपथावरच्या सायकलपट्टीत उभं राहू नका. घंटी वाजवतात, थांबत नाहीत. रात्री १० नंतर हॉटेलच्या बोळात किंवा खिडकीशी मोठ्याने बोलू नका.

रोख : दोघांना रोजचे चाळीस-पन्नास युरो सुट्ट्या नोटांत ठेवा. हॉटेल, मोठी दुकानं, यंत्रं कार्ड घेतात. बाजारातले बरेच गाडे आणि जुन्या खानावळी रोखच मागतात. पन्नासच्या पुढची नोट गाड्यावर नको. एटीएमवर 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरोतच व्यवहार करा. यंत्राचा दर तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करून घ्या, तिथे पोचल्यावर ओटीपी येईलच असं नाही.

रुळावरून

बाजार आणि रविवार माझ्याकडे.

उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला. हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकातल्या फ्राउएनकिर्खे चर्चच्या सज्जातून सोनेरी कुरळ्या केसांची 'क्रिस्टकिंड' झालेली मुलगी पद्यात स्वागत करते. तिची निवड दोन वर्षांसाठी होते. पाच वाजता गेलात तर चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि मध्ये शिरलात तर अर्धा-पाऊण तास बाहेर पडता येत नाही. चारच्या आत जा, चौकाच्या मध्यापेक्षा कडेला उभे राहा, आणि चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण आधीच ठरवा. गर्दी नको असेल तर उद्घाटन सोडा आणि शनिवारी सकाळी दहाला, गाडे उघडताना, जा. बाजार रोज १० ते ९ असतो. शनिवारी दुपारी दोननंतर ढकलाढकली सुरू होते.

ग्ल्यूवाइन ही गरम मसाल्याची वाइन मगात देतात आणि मगाची अनामत वेगळी घेतात. मग परत दिला की पैसे परत; दर वर्षी नक्षी बदलते, ठेवायचा असेल तर अनामत सोडून द्यायची. निळ्या बेरीचा प्रकार या गावचा खास. दारू नको असेल तर 'किंडरपुन्श'. दगडी फरशीवर तासभर उभं राहिलं की गारठा पायांतून चढतो, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि लोकरी मोजे हे जाकिटापेक्षा महत्त्वाचे. साडेचारला अंधारतं.

शनिवारी दुपारी १२ ला तोच चौक गाठा. चर्चवरच्या १५०९ च्या घड्याळात सात राजपुत्र सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. मग किल्ल्यावर. तिथली सुमारे ५० मीटर खोल विहीर बघाच. पाणी ओततात आणि खाली पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो ते ऐकवतात, मग दिवे खाली सोडतात. नाझी नेत्यांवरच्या खटल्याचं दालन क्रमांक ६०० बघायचं असेल तर ऊ-१ ने बेरेनशान्त्से स्टेशन. मंगळवारी बंद, शनिवार-रविवारी उघडं.

रविवारी दुकानं बंद. मुख्य स्टेशनातली किराणा दुकानं आणि बेकऱ्या मात्र चालू असतात, बाजारही. शनिवारी सुपरमार्केट रात्री आठला बंद होतं हे लक्षात ठेवा. साडेसातला गेलात तर पाव संपलेला असतो.

रविवारी बांबेर्गला जा. पूल आणि त्यावरच बांधलेलं जुनं नगरगृह, टेकडीवरचं कॅथेड्रल, सगळं पायी होतं. 'टागेसटिकेट प्लुस' शनिवारी संपूर्ण जाळ्यासाठी काढलंत तर बांबेर्ग त्यातच येतं आणि तेच तिकीट रविवारी चालतं. वेगळं 'बायर्न-टिकेट', म्हणजे सगळ्या बव्हेरियाचं दिवसाचं तिकीट लागत नाही. ते घ्यायचंच झालं तर त्यावर नावं लिहावी लागतात, सोम ते शुक्र सकाळी नऊनंतरच चालतं, आणि आयसीईला दोन्हीपैकी एकही चालत नाही. प्रादेशिक जलद गाडीला पाऊण तास लागतो. इकडच्या काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि पुढे वेगवेगळ्या गावांना जातात, म्हणून फलाटावरच्या पाटीवर न विसंबता त्या विशिष्ट डब्याच्या बाजूवरची पाटी वाचून मगच चढा.

गोदाकाठ

डबे थांबवले. चिक्की आणि कमळ ठरलं. शेवटचं एक, लेबकुखेन ही नाताळची मसाल्याची बिस्किटं घरी आणायची आहेत. त्यात अंडं असतं का?

शेपूची जुडी

हो. चांगला प्रकार 'एलिझेन', त्यात बदाम-हेझलनट-अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के. पीठ जवळजवळ नसल्याने सगळं अंड्यावर बांधलेलं असतं. पत्र्याच्या डब्यातले घ्या, प्रवासात मोडत नाहीत. कडक झाले तर डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा, दोन दिवसांत मऊ होतात. फोड रोज बदला नाहीतर बुरशी धरते. वहिनींसाठी 'फेगान' छापलेली पाकिटं सुपरमार्केटात मिळतात. ती शनिवारी आठच्या आत.